स्कूबा डायव्हिंगला निघण्यापूर्वी: वेटसूट आणि ऊब यांची तयारी

मराठवाड्यातून मालवण-तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगसाठी निघणाऱ्यांनी, आपण ज्या खोलीवर उतरणार आहोत तिथले पाणी किती अंशांचे असेल, हे सामान भरण्याआधीच तिथल्या प्रशिक्षकांना विचारून घ्यावे. किनाऱ्यावरचा उकाडा पाहून वेटसूट, म्हणजे आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उबेने तापवून धरणारा घट्ट रबरी पोशाख, ठरवू नये. वैशाखात भर दुपारी विहिरीत सूर मारलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की, वरचे पाणी कोमट असले तरी पुरुषभर खाली गेले की पोटऱ्यांना एकदम गार थर लागतो. समुद्रातही असे थर असतात, आणि हवेच्या सुमारे २५ पट वेगाने पाणी अंगातली उष्णता ओढून नेत असल्यामुळे, सुरुवातीला सुखद वाटणाऱ्या २६ अंशांच्या पाण्यातही दुसऱ्या बुडीपर्यंत हुडहुडी भरू शकते.

अंदमानसारख्या २८ अंशांच्या आसपासच्या पाण्यात बहुतेकांना २ ते ३ मिलिमीटर जाडीचा सूट पुरतो. २४ ते २७ अंशांना अंगभर ३ मिलिमीटर, २० ते २४ ला ५, आणि त्याखाली ७ मिलिमीटरचा सूट, सोबत डोके झाकणारे हूड, हातमोजे व बूट घ्यावेत. आइसलँडमधील सिल्फ्रासारख्या २ ते ४ अंशांच्या पाण्यासाठी आत पाणी शिरूच न देणारा ड्रायसूटच हवा. अंगाने किरकोळ असणाऱ्यांनी यापेक्षा एक पायरी जाड सूट निवडावा.

जाडीपेक्षाही मापाकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगतो. माझ्या पहिल्या बुडीला भाड्याने मिळालेला सूट मानेशी सैल होता. दर वळणाला थंड पाण्याची धार पाठीच्या कण्यावरून कमरेपर्यंत उतरे आणि अंगाने तापवलेले आतले पाणी वाहून जाई. म्हणून सूट घालून हात वर करावेत, खाली बसावे, आणि काखेत, कमरेच्या खळगीत व मानेशी पोकळी राहते का, ते बोटांनी चाचपून पाहावे. मात्र श्वास कोंडेल इतका तंग सूट घेऊ नये. सूट ज्या फेसाळ रबराचा असतो त्या निओप्रीनमधले वायूचे बुडबुडे ऊब धरून ठेवतात, आणि १० मीटरवर दाब दुप्पट होऊन ते दबले की सूट पातळ होतो, तरंगण्याचा जोरही घटतो. त्यामुळे सूट बदलल्यास खाली जाता यावे म्हणून कमरेला बांधायच्या वजनांची चाचणी पुन्हा करावी.

होडीवर कोरडे कपडे, कानटोपी, वारा अडवणारे जाकीट आणि थर्मासमध्ये गरम चहा ठेवावा. ओल्या अंगाला वारा लागला की गारठा झपाट्याने वाढतो. मद्य घेऊ नये, आणि सूट चढवून उन्हात ताटकळत बसू नये. पाण्यात कापरे भरू लागले तर जोडीदाराला खूण करून, मनात संकोच न ठेवता, नेहमीच्या संथ गतीनेच वर यावे. घरी परतल्यावर सूट गोड्या पाण्यात धुऊन रुंद खांद्याच्या हँगरवर सावलीत वाळवावा. आपल्याकडच्या गच्चीवरच्या उन्हात निओप्रीन कडक होऊन चिरते.