टिंबर फ्रेमचं इंग्लिश कॉटेज खरंच जुनं आहे का, कसं ओळखायचं

इंग्लंडात फिरताना काळे खांब आणि पांढऱ्या भिंती दिसल्या की आपण लगेच "बापरे, शेक्सपिअरच्या काळातलं!" म्हणत फोटो काढतो, आणि पुष्कळदा ते निघतं १९३० च्या आसपासचं, विटांच्या भिंतीवर वरून फळ्या ठोकलेलं. मी पण फसलोय. तर जे बघून बघून कळलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे रंगाकडे बघूच नका. हा काळापांढरा थाट बऱ्याच ठिकाणी व्हिक्टोरियन काळात आला, त्याआधी ओकचं लाकूड बऱ्याचदा तसंच सोडायचे आणि ते उन्हापावसात करडं, चंदेरी पडायचं.

आता खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे अगदी जवळ जा. खिळा दिसता कामा नये. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत घातलेली आणि आरपार भोक पाडून ओकचीच खुंटी ठोकलेली, तिचं टोक कधी कधी बोटाला लागतं एवढं बाहेर असतं. ओक ओला असतानाच कापायचे, कारण वाळल्यावर तो छिन्नीला दाद देत नाही, मग घर उभं राहिल्यावर लाकूड सावकाश वाळत पिळवटायचं, म्हणून ही घरं अशी तिरकी झुकलेली असतात. सफकमधल्या लॅव्हनम गावात गेलात तर एक भिंत धड सरळ सापडणार नाही, आणि तरी शेकडो वर्षं उभी आहेत. उलट सगळं ओळंब्यात असेल तर मला संशय येतो.

सांध्याजवळ छिन्नीने मारलेल्या रेघा शोधा. सुतार आख्खी चौकट आधी जमिनीवर आडवी जुळवायचे, प्रत्येक तुकड्यावर रोमन आकडा कोरायचे, मग सुटं करून जागेवर उभं करायचे. चारचा आकडा बऱ्याचदा IV ऐवजी चार उभ्या रेघांचा असतो, म्हणजे उलटं धरलं तरी सहाच्या VI शी घोळ नको.

सगळ्यात मजा रिकाम्या भोकांत आहे. एजंट लोक अशी भोकं दाखवून "हे जुन्या जहाजाचं लाकूड" असं ठोकून देतात, बहुतेक वेळा तसलं काही नसतं. आडव्या तुळईच्या खालच्या अंगाला हात फिरवा, शंकरपाळ्याच्या आकाराच्या खाचा ओळीने लागल्या तर तिथे एकेकाळी बिनकाचेची खिडकी होती, उभे लाकडी गज त्या खाचांत बसायचे. शेजारी लांब चर असेल तर ती सरकत्या झडपेची.

खांबांमधल्या भिंती आपल्याला समजावून सांगायला नकोत, कोकणातला कूडच तो. ओकच्या काठ्या, त्यात हेझलच्या फोका विणलेल्या, वरून माती, गवत आणि शेण, आणि शेवटी चुना. भार सगळा चौकटीवर, कूड नुसता आडोसा. कुठे प्लास्टर निघालं असेल तर आतलं विणकाम दिसतं. तिथे सिमेंट लावलेलं दिसलं आणि घर विकत घ्यायचा विचार असेल तर सावध व्हा, कारण चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट आत कोंडतं, मग लाकूड खालून कुजायला लागतं, जोत्यावरची आडवी तुळई सगळ्यात आधी. स्वतः खरवडायला मात्र जाऊ नका, इंग्लंडात १७०० च्या आधीची बरीचशी घरं लिस्टेड आहेत, म्हणजे जपायच्या वास्तूंच्या सरकारी यादीत आहेत, परवानगीशिवाय फेरफार केला तर गुन्हा होतो.

शेवटी, मालक हो म्हणाला तर टॉर्च घेऊन माळ्यावर चढा आणि वाशांना बोट लावा. काजळी लागली तर लॉटरीच! म्हणजे मुळात धुराडंच नव्हतं, मधल्या दालनात जमिनीवर चूल पेटायची आणि धूर छपरातून वाट काढायचा. धुराडं आणि मधला मजला नंतर घातले, बऱ्याच ठिकाणी सोळाव्या शतकात.

हे सगळं एकाच घरात बघायचं तर वेस्ट ससेक्समध्ये सिंगल्टनला वील्ड अँड डाउनलँड म्युझियम आहे, तिथलं बेलीफ नावाचं पंधराव्या शतकातलं शेतघर बघा. मूळचं केंटमधलं, धरणाच्या पाण्याखाली जागा जाणार म्हणून खुंट्या काढून सुटं केलं आणि तिथे नेऊन परत जुळवलं. खिडक्यांना काच नाही, आणि दालनात मधोमध उघडी चूल. जाळ पेटलेला असेल तेव्हा गेलात तर डोळे चुरचुरतात, स्वेटरला संध्याकाळपर्यंत वास येतो.