मालवण ते शिरोडा: देणगीसाठी चालायचं असेल तर

बेळगावच्या शहापुरात माझं शिलाईचं दुकान आहे. कुणी येऊन म्हणालं, "काका, शाळेच्या मदतीसाठी समुद्राकाठानं चालायचंय," की बुटांचं मागनं बघू म्हणतो आणि आधी कॅलेंडर काढतो.

डिसेंबर-जानेवारीतली अमावास्या किंवा पौर्णिमा धरा. तेव्हा उधाण असतं, पाणी लांबपर्यंत ओसरतं आणि पूर्ण ओहोटी पहाटेच्या सुमारास येते. पुढं ती रोज पाऊणेक तास उशिरा. म्हणजे उजाडायला निघालात की घट्ट ओली वाळू पायाखाली. भुसभुशीत पुळणीत चालणाऱ्याचा दम दुपारच्या आतच निघतो. भरतीच्या वेळी जेवण, झोप, गप्पा, काय ते उरकून घ्या.

सराव बेळगावातच करायचा. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फेऱ्या मारून भागत नाही, रविवारी येळ्ळूरवरून राजहंसगड चढा-उतरा. तरी आपली हवा गार. खाली कोकणात घाम वाळत नाही, म्हणून पाण्यात मीठ-साखर-लिंबू हवंच.

मोजे उलटे घाला, हे मी शिंपी म्हणून सांगतो. बोटांवरची शिवण आत राहिली की ओल्या पायाला करवतीसारखी लागते. घालण्याआधी बोटांच्या बेचक्यांत व्हॅसलिन चोळा, दुपारी मोजे बदला. पाय चुरचुरायला लागला की तिथंच बसून चिकटपट्टी लावायची, 'पुढच्या गावात बघू' नको. फोड आलाच तर वरची कातडी सोलू नका.

वाट अशी. मालवणला सिंधुदुर्ग समोर ठेवून निघायचं. 1664 ला काम सुरू झालेला किल्ला आहे. आत जायचं तर आदल्या दिवशी जाऊन या, निघायच्या सकाळी नाही. तारकर्लीवरून देवबागला जमीन संपते. पुढं कर्ली खाडी, ती होडीनं ओलांडून भोगवे. होडीवाल्याशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. निवतीपासून वेंगुर्ल्यापर्यंत डोंगर आणि खाड्या मधे येतात, तिथं गुमान रस्ता धरा. किनारा सोडला म्हणून देणगी कोण कापत नाही! उलट बरंच. दक्षिणेकडं जाताना समुद्र उजवीकडं, उतारामुळं उजवा पाय सारखा खाली पडतो आणि संध्याकाळी कंबर बोलते.

वेंगुर्ल्यात डचांची वखार होती. तिथून मोचेमाडवरून आरवली. तिथल्या ग्रामदेवाला, वेतोबाला, भलीमोठी चामड्याची पायताणं वाहतात, तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि ती झिजतात म्हणे. चालणाऱ्यानं तिथं टेकायलाच पाहिजे. शिरोडा तिथून जवळच आहे. 1930 चा मिठाचा सत्याग्रह इथला, म्हणून आपली वाट इथं थांबवायची.

शेवटच्या दिवशी पल्ला लहान ठेवा. गाव दिसलं की पोरं पळायला लागतात आणि नेमका तेव्हाच पाय मुरगळतो.

पैशाचं निघायच्या आधीच ठरवा. किलोमीटरमागं अमुक, असं कबूल करणारे पुष्कळ. ते वहीत लिहून घ्या. रक्कम थेट संस्थेच्या खात्यात जाऊ दे, तुमच्या फोनवर नको. आणि वसुली आठवड्याच्या आत करा, पायाच्या पट्ट्या असेपर्यंत लोक लगेच देतात.