हायवे टाळून सायकलचा रस्ता कसा शोधला

चाळिशीत सायकल शिकले. गावाहून सेवाग्रामला जायचं तर हायवेच. मागून ट्रक आला की हँडल थरथरायचं. मग मोबाईलच्या नकाशात सॅटेलाइट चित्र लावून गावोगावचे बारीक रस्ते पाहिले. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचे रस्ते सगळ्यात कामी आले. डांबरी, बहुतेक पावणेचार मीटरच रुंद, म्हणून जड गाड्या कमी. मात्र कापूस निघाला की जिनिंगकडे, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याकडे, जाणारी ट्रॅक्टर-ट्रॉली अख्खा रस्ता व्यापते. ती दिसली की मी सरळ उतरून कडेला उभी राहते.

पांदण रस्ता, म्हणजे शेतांमधून जाणारी कच्ची वाट, नकाशात छान दिसतो, पण पावसाळ्यात काळी माती मडगार्ड आणि चाकाच्या मधात अशी गच्च बसते की चाक फिरतच नाही. काडीनं खरवडावी लागते. तिकडे दिवाळीनंतरच जावं. बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे बारीक भोक आपोआप बुजवणारं द्रव, भरून घेतलं, फार बरं झालं. कालव्यालगतचा रस्ता मोकळा असतो, पण कठडा नसतो. नवख्यानं पाण्यापासून दूरच्या कडेनं चालवावं. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत घरी. आणि नवीन रस्ता आधी कुणासोबत तरी गाडीवर बसून पाहून घ्या, कुत्री कुठं अंगावर येतात तेही कळतं.