छप्पर आणि भिंत भेटतात तिथली फळी : व्हँकुव्हरकडे साइडिंगच्या कामात येणाऱ्यांसाठी

साइडिंग म्हणजे घराच्या बाहेरच्या भिंतीवर चढवलेलं फळ्यांचं आवरण. त्याच्या क्रूमध्ये नवीन पोराला लांबसडक सरळ भिंत सहसा मिळत नाही. कारण पैशाचं आहे. इकडे बरेच ठेकेदार स्क्वेअरवर पैसे देतात, 100 चौरस फुटांचा एक स्क्वेअर. सरळ भिंतीवर फळ्या भराभर चढतात आणि स्क्वेअर मोजून होतात. छपरातून वर आलेल्या डॉर्मरच्या खिडकीच्या बाजूला मात्र हातभर त्रिकोणासाठी अर्धा दिवस जातो. म्हणून जुने लोक ते काम तुमच्याकडे सरकवतात. माझं मत विचाराल तर आनंदाने घ्या. हे काम नीट येणारा माणूस क्रूमधून लवकर काढला जात नाही.

कोकणात वाढलेल्याला झड म्हणजे काय ते सांगायला नको. व्हँकुव्हरला ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत तशीच, पण बारीक आणि न संपणारी झड असते. छपरावर पडलेलं पाणी उडून भिंतीच्या खालच्या दीड-दोन इंचांवर सतत आपटतं. आणि नेमकी तिथेच सीडरची (देवदारासारख्या लाकडाची) फळी तिरकी कापलेली असते, तिच्या शिरांची तोंडं उघडी असतात. दिव्याची वात तेल ओढते तसं ते टोक पाणी ओढतं. वरचा रंग कितीही चांगला असला तरी आतून ओल चढते, रंगाला फुगे येतात, मग लाकूड बोटाने दाबलं तरी दबतं.

म्हणून फळी छपराला टेकवायची नाही. इथल्या बिल्डिंग कोडप्रमाणे ओलाव्याने खराब होणारं साइडिंग छपराच्या पृष्ठभागापासून किमान 50 मिमी वर असावं लागतं. आपल्याकडून आलेल्या माणसाला ही फट बघवत नाही. फट दिसली की बुजवायची ही आपल्या हाताची सवय. पण ही फट पाण्याची बाहेर जायची वाट आहे. साइडिंगच्या मागे, किनारपट्टीच्या या भागात, किमान 10 मिमीची रेनस्क्रीनची, म्हणजे मागचं पाणी निथळून जायची, पोकळी ठेवतात. तिचं खालचं तोंड इथेच उघडतं आणि त्याला किड्यांसाठी जाळी असते. तुम्ही सिलिकॉनची नळी घेऊन ते बंद केलंत तर आत शिरलेलं पाणी आतच राहणार. 1980च्या दशकाच्या शेवटी आणि नव्वदीत इथे उभ्या राहिलेल्या असंख्य इमारती गळून आतून कुजल्या. प्रकरण इतकं वाढलं की 1998 मध्ये प्रांताचे माजी प्रीमियर (मुख्यमंत्री) डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. आजचे बरेचसे नियम त्या अनुभवातून आलेत, त्यामुळे इन्स्पेक्टर या जागी वाकून बघतो.

आता प्रत्यक्ष काम. आधी खालचं तपासा. शिंगलच्या (छपरावर एकावर एक बसवलेल्या पातळ तुकड्यांच्या) प्रत्येक थराबरोबर स्टेप फ्लॅशिंगचा, म्हणजे पाणी भिंतीत जाऊ न देणारा, एक एक वळवलेला पत्रा हवा, आणि हाऊसरॅप (साइडिंगमागे भिंतीला गुंडाळलेलं पाणी अडवणारं आवरण) त्या पत्र्यांच्या उभ्या बाजूवरून खाली आलेला हवा. रॅप पत्र्याच्या मागे खोचलेला दिसला तर फळी लावूच नका, फोरमनला हाक मारा. छप्पर जिथे संपतं पण भिंत पुढे जाते, तिथे पाणी पन्हळीकडे ढकलणारा किक-आउटचा पत्रा आहे का, तेही बघा. तो नसला तर अख्ख्या छपराचं पाणी एका कोपऱ्यातून भिंतीत शिरतं. मी उघडलेल्या कुजक्या भिंतींत सर्वांत वाईट कोपरे हेच होते.

फट मोजायला टेप वापरू नका. 2 बाय 4 (इंची मापाने ओळखल्या जाणाऱ्या लाकडाच्या) तुकड्याची जाडी प्रत्यक्षात 38 मिमी असते. त्यावर 12 मिमी प्लायची पट्टी स्क्रूने बसवा, 50 मिमीचा ठोकळा तयार. तो शिंगलवर ठेवून भिंतीलगत सरकवत पेन्सिलने रेघ मारा. कोन बेव्हल गेजने (कोन उचलायच्या सरकत्या गुण्याने) छपरावरूनच उचला. ड्रॉइंगवर उतार 8/12 (12 इंच आडवं गेलं की 8 इंच वर) असला तर कोन 33.7 अंश येतो, 6/12 ला 26.6, पण घर जुनं असेल तर छप्पर ड्रॉइंगचं ऐकत नाही.

डॉर्मरच्या बाजूला सर्वांत खालची फळी सर्वांत आखूड असते आणि वर जाल तशा फळ्या लांबत जातात. किती लांबतात, हे गणित कळलं की वेग येतो. 8/12 उतारावर फळीचा दिसणारा भाग 6 इंच असेल, तर प्रत्येक फळी खालच्या फळीपेक्षा 9 इंचांनी लांब. 6/12 ला 12 इंच. म्हणजे पहिली फळी बरोबर बसली की बाकीच्या खाली जमिनीवरच कापता येतात, शिडीची चढउतार वाचते. मात्र माप वरच्या कडेवर, लांब टोकाला घ्यायचं. ते टोक सुरीसारखं निमुळतं असतं आणि खिळा मारला की चिरतं, तेव्हा आधी ड्रिलने भोक पाडा, आणि खिळा फ्लॅशिंगच्या पत्र्यात जाणार नाही इतका वर ठेवा. खिळे स्टेनलेसचे वापरा. साध्या लोखंडी खिळ्याभोवती सीडरमध्ये काळे ओघळ उतरतात.

कापलेल्या टोकाला प्रायमर फळी चढवण्याआधी लावायचा. नंतर लावू म्हणणारे नंतर लावत नाहीत, कारण तिथे ब्रश पोचतच नाही.

जुन्या घरावर आधीच छपराला टेकलेलं साइडिंग जागेवरच छाटायचं असेल तर काम अवघड होतं. एकावर एक चढलेल्या फळ्यांवर सर्क्युलर सॉचा तळ डगमगतो. रेषेला समांतर एक सरळ पट्टी ठोकून घ्या आणि सॉ तिच्यावरून चालवा. पात्याची खोली पट्टी अधिक साइडिंग एवढीच, किंबहुना केसभर कमी. मागे फ्लॅशिंगचा पत्रा आहे. त्याला एक चीर पडली तर सगळी मेहनत पाण्यात, तीही शब्दशः. राहिलेला पापुद्रा धारदार पटाशीने सोडवा. कोपऱ्यात सॉ पोचत नाही, तिथे ऑसिलेटिंग मल्टीटूल (थरथरत्या छोट्या पात्याचं यंत्र) वापरा. खिळे कुठे आहेत ते आधी लोहचुंबकाने शोधा. आणि घर 1960 पूर्वीचं असेल तर रंगात शिसं असण्याची दाट शक्यता आहे, चाचणीशिवाय करवत लावू नका.

मास्कबद्दल हयगय नको. वेस्टर्न रेड सीडरच्या भुशातल्या प्लिकॅटिक ॲसिडमुळे दमा होतो, आणि एकदा जडला की धंदा सोडूनही काहींचा जात नाही. 3 मीटर किंवा त्याहून वर काम असेल तर पडण्यापासून संरक्षणाची व्यवस्था कायद्याने लागते. हार्नेस नसेल तर वर चढायला नकार द्या, त्यात उद्धटपणा काही नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात : सुतारकाम हा रेड सील ट्रेड आहे, म्हणजे त्याचं प्रमाणपत्र कॅनडाभर मानलं जातं. ब्रिटिश कोलंबियात, म्हणजे व्हँकुव्हरच्या प्रांतात, त्याच्या अप्रेंटिसशिपच्या (काम करत शिकण्याच्या) चार लेव्हल असतात आणि नोंदणी स्किल्ड ट्रेड्स बीसी या प्रांताच्या संस्थेकडे होते. त्यासाठी मालकाने तुम्हाला स्पॉन्सर करावं लागतं. नुसतं साइडिंगचं काम करणारे काही ठेकेदार हे टाळतात, म्हणून तासाचा दर ठरवतानाच तोही प्रश्न विचारा आणि कामाचे तास स्वतःच्या वहीत लिहीत जा.