हाताने ढकलायचं लॉन मशीन: आधी कागद कापून बघा

सोसायटीच्या हिरवळीसाठी बिनमोटरचं, ढकलायचं मशीन आणलं असेल, तर गवतावर नेण्याआधी त्याला वर्तमानपत्राची पट्टी कापायला द्या. फिरणारी पाती आणि खालचं स्थिर पातं यांच्यामध्ये कागद धरा, जाड हातमोजा घालून रीळ, म्हणजे फिरणाऱ्या पात्यांचा दंडगोल, अगदी सावकाश फिरवा. कागद कात्रीने कापल्यासारखा तुटायला हवा. नुसता दुमडला, तर बाजूचे स्क्रू अगदी थोडे फिरवून दोन्ही पाती जवळ आणा. मधे आणि दोन्ही टोकांना तपासा. एका कडेला झकास कापतं आणि दुसरीकडे चावत बसतं, असं हमखास होतं. रीळ जड फिरायला लागलं की जास्त आवळलंय समजा.

खरी कसोटी पावसाळ्यात. हे मशीन उंच गवत कापत नाही, आडवं पाडून पुढे जातं. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली, गवत सुकलं, की लगेच फिरवायचं. पुढच्या रविवारची वाट बघू नका. एका वेळी उंचीचा एक तृतीयांश भागच कापा. फारच माजलं असेल तर आधी विळा. गुलमोहराच्या शेंगा आणि खडे वेचूनच सुरुवात करा, एक शेंग अडकली तरी रीळ जागच्या जागी थांबतं. बारीक कातरण तिथेच राहू द्या, खतच होतं.

काम झाल्यावर पाती पुसून तेलाचा हात फिरवा. मुंबईच्या खाऱ्या हवेत गंज चढायला वेळ लागत नाही.