बाळ झोपत नाही, बायबल उघडत नाही: आईने प्रार्थना करायची तरी कशी?

बायबलमधलं मार्क १:३५ हे वचन आई झाल्यापासून मला इतक्या जणींनी ऐकवलंय की आता कोणी "सिस्टर, पहाटे..." म्हटलं तरी पुढचं मला पाठ आहे. प्रभू येशू मोठ्या पहाटे उठला, एकांतात गेला, तिथे प्रार्थना केली, तर तुम्ही पण उठा की पाच वाजता, बाळ उठायच्या आधी. आता जिने दोनला दूध पाजलंय, साडेतीनला डायपर बदललाय आणि साडेचारला परत पाजायला घेतलंय तिची पहाट नक्की कधी सुरू होते हे मात्र कोणी सांगत नाही. मी अलार्म लावून बघितला, आठ दिवस. अलार्मने उठायचं ते बाळच.

पण ते वचन तिथे संपत नाही हो. पुढची तीन वचनं वाचा. त्याचा शिष्य शिमोन आणि बाकीचे त्याला शोधत शोधत तिथे पोचतात आणि म्हणतात, सगळे तुला शोधताहेत. म्हणजे प्रभूच्या क्वाएट टाइममध्ये, देवाबरोबरच्या एकांताच्या वेळेतसुद्धा माणसं घुसलीच की! आणि तो "पाच मिनिटं थांबा रे" पण म्हणाला नाही, चला पुढच्या गावांना जाऊ म्हणाला. हे मला दिसायला दोन वर्षं लागली आणि दिसलं तेव्हा मी बाथरूममध्ये होते, बाहेरून दार वाजत होतं.

तर माझ्या अनुभवातून सांगते, काय करायचं.

सगळ्यात आधी जुनं माप टाकून द्या. मूल व्हायच्या आधी तासभर वचन, डायरी, चार रंगाचे हायलायटर असं असेल तुमचं, माझं होतं. त्या मापाने आजचा दिवस मोजला तर रोज नापासच होणार, आणि नापास झालेली बाई हळूहळू बायबलच्या वाटेलाच जात नाही, कारण ते नुसतं दिसलं तरी अपराधी वाटतं. माझं बायबल तीन महिने खिडकीत पडून होतं, मी त्याच्यावरची धूळ पुसायचे पण उघडायचे नाही.

मग प्रार्थना घड्याळाला बांधू नका, कामाला बांधा. वेळ तुमच्या हातात नाही पण कामं कुठे पळून जात नाहीत ना, ती रोज येतातच. दूध पाजताना नवऱ्यासाठी, कपडे वाळत घालताना ज्याचा कपडा हातात त्याच्यासाठी, भांडी घासताना स्वतःसाठी. एका कामाला एकच विषय ठेवा. मी सुरुवातीला मिशनऱ्यांपासून सरकारपर्यंत सगळ्यांना भांड्यांमध्ये कोंबलं आणि दोन दिवसांत सोडून दिलं.

वचनासाठी सिंकच्या वर एक कागद चिकटवा. त्यावर मोठ्या अक्षरात बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक लहान स्तोत्र हाताने लिहायचं आणि महिनाभर तेच ठेवायचं. स्तोत्र ११७ फक्त दोन वचनांचं आहे, १३१ तीन वचनांचं, १३ सहा वचनांचं. मी १३१ ने सुरुवात करा म्हणेन कारण त्यात दूध तोडलेलं बाळ आईजवळ शांत बसलंय असं चित्र आहे, आणि ज्यांनी दूध तोडलंय त्यांना माहितीय की ते बाळ असं एका दिवसात शांत होत नाही, त्याआधी किती रात्री रडून काढलेल्या असतात. फोनवर वाचायचं ठरवू नका. फोन वचनासाठी उघडतो आणि वीस मिनिटांनी आपण कोणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत असतो. ऐकायचं असेल तर ऑडिओ बायबल लावून फोन लांब ठेवा.

आणि अगदीच काही जमत नसेल तेव्हा नुसतं नाव घ्या. "येशू." बास. मी मुलाच्या बुटाची लेस बांधताना, उशीर झालेला असताना, दात आवळून "येशू, येशू" म्हणायचे. मला वाटायचं कोणाला ऐकू जात नाही. मग एक दिवस त्याच्या हातून दूध सांडलं आणि तो पठ्ठ्या कपाळाला हात लावून अगदी माझ्या टोनमध्ये म्हणाला, "येशू!" हसावं की रडावं कळेना.

आता कोरडेपणाचं बोलू. प्रार्थना छतापर्यंत जाऊन खाली पडतेय असं वाटतं, उपासनेत सगळे हात वर करून गातात आणि आपल्याला फक्त पाठदुखी जाणवते. अशा वेळी जबरदस्तीने स्तुती करत बसू नका, तक्रार करा. देवाजवळ तक्रार करणं म्हणजे अविश्वास नाही, स्तोत्र १३ ची सुरुवातच "कोठवर?" ने होते, आणि स्तोत्र ८८ तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्याला गोड शेवट नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तक्रार अशी करायची की आधी त्याला हाक मारायची, मग काय झालंय ते नाव घेऊन सांगायचं ("मी थकलेय" असं मोघम नको, "सलग तिसरी रात्र झाली आणि आज मला स्वतःच्या बाळाचा राग आला" असं), मग काय पाहिजे ते मागायचं, आणि थांबायचं. शेवटी "तरी तुझी स्तुती असो" आतून आलं तर ठीक, नाही आलं तर शिक्क्यासारखं मारू नका. बायबलमधली हन्ना मूल व्हावं म्हणून रडत प्रार्थना करत होती, तिचे नुसते ओठ हलत होते, आवाज नव्हता, एली याजकाला वाटलं ही प्यायलेली आहे. देवाने मात्र ऐकलं. याजकांचा अंदाज चुकतो कधी कधी, हे आपलं माझं मत.

पण एक गोष्ट आधी तपासा, आणि हे मी दहादा सांगेन. माझा विश्वास कमी झालाय असं ठरवायच्या आधी स्वतःला विचारा, सलग चार तास कधी झोपले होते? गरम जेवण कधी जेवले? १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. देवाचा दूत येऊन त्याला उपदेश करत नाही, ऊठ, खा म्हणतो. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो, परत झोपतो, दूत परत उठवतो, परत खायला लावतो. मग चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगरापर्यंत जातो आणि देवाचा मंद आवाज त्यानंतर येतो. पोटात काही नसताना आणि डोळे मिटत असताना आपण मात्र उपासाचा विचार करतो.

आणि बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत रडू येणं, मूड जाणं हे बऱ्याच जणींना होतं आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्याच्या पुढे गेलं, किंवा स्वतःला नाहीतर बाळाला इजा करायचे विचार आले तर हा सैतानाचा हल्ला आहे, फक्त प्रार्थना वाढवा असं म्हणणाऱ्यांचं ऐकत बसू नका. असे विचार आले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, बाळाबरोबर एकटं राहू नका, घरातल्या एका माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगभरात नुकत्याच बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के बायकांना मानसिक आजार होतो, त्यात डिप्रेशन जास्त. गोळी घेऊन प्रार्थना करता येते, मी केलीय.

ओरडण्याचं काय? ओरडणार आपण, सगळ्याच ओरडतात. नंतर रात्री देवाकडे क्षमा मागतो पण मुलाकडे मागायची राहते. खाली बसा, त्याच्या डोळ्यांच्या लेव्हलला या आणि एवढंच बोला, "मी ओरडले, ते चुकलं, मला माफ कर." पुढे "पण तू पण ना" लावायचं नाही, ते लावलं की माफी संपली आणि लेक्चर सुरू झालं. मला हा "पण" गिळायला महिने लागले, अजूनही कधी कधी घशातून वर येतो.

मार्था आणि मरीया या बहिणींचा उपदेश (मार्था कामात गुंतली, मरीया प्रभूच्या पायाशी बसून ऐकत राहिली आणि प्रभूने मरीयेची बाजू घेतली) पुन्हा कोणी ऐकवला तर हसून सोडा. मीसुद्धा त्यावर चिडायचे, कारण मार्था बसली असती तर जेवण कोणी केलं असतं! पण योहान ११ मध्ये भाऊ मेलेला असताना पुढे होऊन "तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस" म्हणणारी तीच कामात बुडालेली मार्था आहे हे लक्षात ठेवा, कामात असलेल्या बाईला पण प्रभू ओळखू येतो.

चर्चच्या मंडळीकडून मदत मागताना "प्रार्थनेत आठवण ठेवा" एवढ्यावर थांबू नका, कारण लोक आठवण ठेवतात आणि घरी जातात. "शनिवारी चार ते पाच बाळाला घेशील का, मला झोपायचंय" असं दिवस आणि वेळ सांगून मागा. एक-दोन जणी नाही म्हणतील, तिसरी येते. आणि रविवारी बाळ रडलं म्हणून अर्धा संदेश बाहेर उभं राहून गेला तर वाईट वाटून घेऊ नका, आत असताना कानावर पडलेलं एक वाक्य घरी न्या, आठवडाभर तेच पुरतं.

सिंकवरच्या कागदाला वरून सेलोटेप लावा हां, पूर्ण. माझा पहिला कागद पाण्याने भिजून शाई पसरली आणि स्तोत्र १३ मधलं फक्त "कोठवर" तेवढं वाचता येत होतं. तो मी तसाच महिनाभर ठेवला.