माळा आवरायचाय? मग आधी सासूबाईंना खुर्ची द्या

पहिलं म्हणजे व्हिडिओ बघून डबे-बास्केट ऑर्डर करू नका. सामान कमी व्हायच्या आधी डबे आणले की पसारा तेवढाच राहतो, फक्त त्याला झाकणं लागतात.

आवरल्यानं खरंच डोकं शांत राहतं का, तर राहत असावं. २०१० साली अमेरिकेत दोघंही नोकरी करणाऱ्या ३० जोडप्यांवरचा अभ्यास छापून आला होता, त्यात आपलं घर दाखवताना ज्या बायका सारखं पसारा आणि अर्धवट कामं असंच बोलत होत्या त्यांचं कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, संध्याकाळपर्यंत जसं उतरायला पाहिजे तसं उतरत नव्हतं. नवऱ्यांच्यात तसं दिसलं नाही, आता यावर मी काय बोलू!

खालचं घर सोपं असतंय. किल्ल्या एका खिळ्याला, बिलं एका फाईलला, दप्तरं दाराजवळच्या खुंटीला, झालं. "कुठं ठेवलंय गं?" हे ओरडणं निम्म्यानं कमी होतंय.

खरी गोची माळ्याची. आणि माळा म्हणजे सामान नाही, माळा म्हणजे सासूबाई. "वर्षभर वापरलं नाही ते टाका" असं सांगणाऱ्यांच्या घरी गौरीचे मुखवटे नसतात वाटतं, आणि कुरडईचा सोऱ्यापण नसणार. वर्षातून एकदाच लागतात, पण लागतात. त्यात सांगलीत गावभाग-खणभागासारख्या सखल भागातल्या म्हाताऱ्या माणसांनी २००५ चा पूर बघितलाय, २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं बघितलंय (धोक्याची पातळी ४५ आहे), खालचं सगळं चिखलात गेलं आणि कित्येक घरात राहिलं ते वरचंच राहिलं, त्यांना माळ्याला अडगळ म्हणून बघा, दिवसभर जेवण होणार नाही.

म्हणून माझा नियम एकच, सासूबाई घरात नसताना कशालाही हात लावायचा नाही. लग्नाला गेल्यात, आता उरकून टाकू असं मनात येतंच, येऊ दे. एक शेवयाचं मशीन गुपचूप भंगारात गेलं तर त्यानंतर त्या तुम्हाला फुटकी वाटीसुद्धा काढू देणार नाहीत.

त्यांना खुर्चीत बसवायचं, चहा द्यायचा, वरनं एकेकच वस्तू खाली घ्यायची. सगळं एकदम खाली काढलं की बघूनच जीव घाबरतो आणि जसंच्या तसं परत वर जातं. आणि "आई, हे टाकायचं का?" असं विचारायचंच नाही, उत्तर नाहीच येणार. "आई, हे कुणाला द्यायचं?" असं विचारा. मग त्याच म्हणतात घंगाळ थोरलीला दे, लेमन सेट भाचीच्या नव्या संसाराला दे. जुन्या सुती साड्या वाकळ शिवायला जातात. फुटकी पितळी भांडी मोडीत घालायची, पण वजन त्यांच्यासमोर करायचं आणि पैसे त्यांच्याच हातात द्यायचे, हे लई महत्त्वाचं, ते पैसे घरखर्चात घातले की पुढच्या वेळी माळ्याची शिडीच सापडत नाही. मध्येच एखाद्या पातेल्याची गोष्ट सुरू होणार, ऐकायची. तासाभरात थांबायचं, उरलेलं उद्या. नवऱ्याला मधे बोलू देऊ नका, तो "आई टाक की" म्हणतो आणि सगळं बिघडतं.

हे सगळं मे महिन्यात, मृग निघायच्या आत. दसऱ्याच्या साफसफाईला करणारे करू देत, नदीकाठच्या घराला तो उशीर झाला.

आवरून झालं की निम्मा माळा रिकामा ठेवायचा, कितीही हात शिवशिवले तरी. पाणी ४० फुटांकडं, म्हणजे इशारा पातळीला यायला लागलं की त्या रिकाम्या जागेत काय जाणार ते आधीच कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचं: चटणी-डाळींचे डबे, पुस्तकं, गाद्या, मिक्सर, आणि प्रत्येकापुढं कोण उचलणार त्याचं नाव. नाव असलं की ऐनवेळी एकमेकांवर खेकसणं होत नाही. कागदपत्रं मात्र माळ्यावर नाहीत, ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, घर सोडताना बरोबर न्यायला. फ्रिज दोघांना उचलत नाही, त्याचं शेजाऱ्यांशी आत्ताच बोलून ठेवा.